कच्च्या सुताचे गोंडे

हसू नका हां, पण त्या गोंड्यांत नायलॉनचा दोरा मीच घातला होता. स्वतःच्या हातांनी. वर कौतुकही करून घेतलं.

थांबा, नीट सांगते. आमची मंडळी माहितीये ना, शनिवारी टायपिंग क्लासच्या खोलीत जमते ती? वीस-बावीस माणसं, येशूला मानणारी. पण येशू स्वतः यहुदी होता, मग तो काय पाळायचा, प्रार्थना कशी करायचा, ते मुळापासून शिकायला आम्ही जमतो. शिकवतात मास्तर. शाळेतून रिटायर झालेत. हिब्रू अक्षरं फळ्यावर उजवीकडून डावीकडे काढतात आणि आम्ही पहिलीतल्या पोरांसारखे माना तिरक्या करून बघतो. आधी मी एकटीच जायचे. आई गेल्यावर बाबांनी बोलणंच टाकलं होतं. आठ महिने नुसतं हो, नाही, भूक नाही. एका शनिवारी मी त्यांना ओढून नेलं आणि काय सांगू, माणूस फुलला. घरी येऊन अक्षरं गिरवायला लागले. जेवताना मला प्रश्न विचारून भंडावून सोडायला लागले.

मग आले गोंडे. मोशेच्या नियमशास्त्रात आहे, वस्त्राच्या चार टोकांना गोंडे लावायचे, त्यात एक निळा धागा, म्हणजे ते दिसले की आज्ञा आठवतात. बाबा म्हणाले, मला हवेत. मी चौकोनी कापड घेतलं, मधे गळा कापला, बनियनसारखं आत घालायचं शिवलं आणि चार कोपऱ्यांना गोंडे बांधले. धुण्यात तुटू नयेत म्हणून मी शहाणीने प्रत्येकात नायलॉनचा दोरा पिळून घातला. मासे पकडायच्या गळाला असतो ना, तसला. मास्तरांनी ओढून बघितला आणि म्हणाले, हे तुझ्या नातवंडांपर्यंत टिकतील. सगळे हसले. मी तर हवेतच.

आता बाबा लेथवर आहेत. म्हणजे लोखंडाचा गज मशीनच्या जबड्यात आवळायचा, तो गरगर फिरतो आणि हत्यार त्याला छिलतं. मी त्याच कारखान्यात तपासणीच्या टेबलावर, झालेला माल मोजायला. बाबांना तिथे सगळे ‘मायक्रॉन’ म्हणतात, ते केसाहून बारीक माप. नुसतं बोट फिरवून सांगतात, केसभर जास्त आहे, आणि मी मोजलं की तेवढंच निघतं. एकतीस वर्षांत त्यांचा एक जॉब, म्हणजे छिलून झालेला तुकडा, परत आला नव्हता.

मला वाटलं, गोंडे घरी घालतील. एका सोमवारी ते माझ्या टेबलाशी वाकले आणि शर्टाखालून निळा धागा डोकावला. मी खूण केली. त्यांनी शांतपणे तो कमरेत खोचला.

त्याच आठवड्यात शेजारच्या मशीनवर पुसायचं फडकं गजाला अडकलं. पापणी लवायच्या आत गुंडाळलं आणि टर्रकन फाटलं. मशीनवाला पांढराफटक. सुपरवायझर म्हणाले, जुनं होतं म्हणून फाटलं, नाहीतर याचा हात खांद्यातून गेला असता. फडकं फाटतं हो. माझा दोरा कसा तुटणार?

शनिवारी मास्तरांना गाठलं. ते म्हणाले, जीव आधी, कामावर काढून ठेवायला सांग, म्हणावं मी सांगितलंय. बाबांना सांगितलं, तर ते ताटावरून उठलेच. म्हणाले, "एकतीस वर्षं मी देवाला गेटबाहेर चपलेसारखा काढून आत जात होतो. तुझी आई आजारी होती तेव्हाही. आता नाही काढणार."

सुपरवायझरला सांगितलं असतं तर बाबांना लेथवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं असतं. ते काही जगणं झालं नसतं.

म्हणून रविवारी, धुवायच्या निमित्ताने, मी चारही गोंडे उसवले. नायलॉन काढून टाकला आणि कच्च्या सुताने तश्शाच गाठी मारल्या. झटका दिला तरी तुटेल असं सूत. बाबांना कळेल म्हणून मी धास्तावले होते. सोमवारी त्यांनी ते आत घातलं, गोंडे कमरेत खोचले आणि कामाला निघाले.

गुरुवारी एक गोंडा कमरेतून सुटला आणि मशीनमध्ये गेला. तुटला. बाबांना खरचटलंसुद्धा नाही.

आणि त्या शनिवारी ते साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सांगायला, उभे राहिले. कधी चार माणसांत न बोललेले माझे बाबा. म्हणाले, नायलॉनचा दोरा, माझ्या लेकीने पिळलेला, मास्तरांनी ओढून बघितलेला, तो केसासारखा तुटला. प्रभूने माझा हात धरला. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. आमच्यातले सुतारकाका माझ्याकडे वळले.

"पोरी, मलाही असलेच बांधून दे. सोमवारपासून करवतीवर घालूनच उभा राहतो."

वेल्डरभाऊ म्हणाले, मलाही. मास्तर नुसते माझ्याकडे बघत होते. बाबांचा चेहरा काय उजळला होता हो, आईच्या वेळेस असायचा तसा. मला तो तसाच राहू द्यायचा होता. देवाशप्पथ राहू द्यायचा होता. पण करवत दिसत होती मला.

मी उभी राहिले. "दोरा बदललेला होता. मीच बदलला. आधीचा असता तर बाबा आज इथे नसते. काका, करवतीवर काही घालू नका."

कोणीतरी खोकलं. बाबा खुर्ची चाचपडत हळूच बसले.

घरी जाताना मी नुसती बडबडत होते, चुकलं, आधी सांगायला हवं होतं, सगळ्यांसमोर नको होतं. दाराशी किल्ली फिरवताना ते म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय?"

"घालतानाच. बोटांना कळलं होतं गं. मीच बोटांचं ऐकलं नाही."

सुतारकाकांनी पुन्हा गोंडे मागितले नाहीत, ते एक बरं झालं. बाबा मात्र दोन शनिवार मंडळीत आले नाहीत. ते तीन गोंड्यांचं वस्त्र खुंटीला आहे. घरात पुन्हा हो, नाही, भूक नाही. आणि काल त्यांचा एक जॉब जाड निघाला. मी तीनदा मोजला, मग नापासाची लाल खूण केली. ते आले, बोट फिरवलं, तुझं बरोबर आहे म्हणाले आणि परत घेऊन गेले.

मी टेबलावरून बघत होते. मशीनवर वाकायच्या आधी त्यांनी शर्टाखाली हात घातला आणि गोंडे कमरेत खोचले. गोंडे नव्हतेच.