भुजंगबाबाची अंगठी

टेंभुर्णीच्या मारुतीच्या पारापुढं त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. आजूबाजूच्या खेड्यांतून बैलगाड्या आल्या होत्या. भुजंगबाबाची अंगठी पाप ओळखते, अशी ख्याती पसरली होती. काळ्या दोऱ्याला टांगलेली चांदीची अंगठी आरोपीनं पितळी ताटावर धरायची. मन निर्मळ असेल तर ती स्थिर राहणार, पाप असेल तर गोल फिरणार!

"ज्याला मन आवरतं, त्यालाच हात आवरतो!" बाबा गरजत होता. "अंगठी लाच खात न्हाई, नातं बघत न्हाई!"

ते पहिलं वाक्य ऐकून गर्दीतला शरदचंद्र चमकला. ते त्याचंच वाक्य होतं. हैदराबादच्या कॉलेजात तो मानसशास्त्राचं संशोधन करत होता. माणूस स्वतःला कितपत आवरू शकतो, आणि आवरता आलं नाही तर बघणारे त्याच्याविषयी काय ठरवतात, हा त्याचा विषय. अंगठीची गोष्ट कानावर आली म्हणून तो इथवर आला होता. आता दाढीमागचा चेहरा त्याला ओळखू आला. त्याच्याच खोलीत राहिलेला, एका ताटात जेवलेला भुजंग! दोऱ्याचा हा प्रयोग शरदनं सगळ्यांत आधी त्याच्याच हातावर करून पाहिला होता. शिक्षण सोडून भुजंग निघाला, तेव्हा बिचाऱ्याला काही कळलं नाही म्हणून शरद हळहळला होता. त्याला सगळं कळलं होतं तर!

ताटापुढं गोजरबाई बसली होती. तरुण विधवा, भावाच्या आधारानं राहणारी. भाऊ कचरू याची लहानगी पोर तापानं गेली आणि आत्यानंच करणी केली, अशी कुजबुज उठली होती. गोजरबाईनं दोरा धरला. सारं गाव तिच्या बोटांकडं बघत होतं. अंगठी थरथरली, डोलली आणि गोल फिरू लागली.

"फिरली! फिरली!"

"म्या न्हाई केलं काही!" गोजरबाई रडत म्हणाली. "दादा, तू तरी सांग. पोरीला मांडीवर घेऊन म्याच बसल्ते ना?"

कचरूनं मान फिरवली. "अंगठी खोटं बोलंल का? माझ्या घरात पाय ठेवू नको."

शरद गर्दी सारत पुढं गेला. बाबाचा चेहरा क्षणभर उतरला. तो हळूच म्हणाला, "शरद, गप ऱ्हा. मागून बोलू."

"हा माझा प्रयोग आहे, भुजंग."

"तुझा प्रयोग कॉलेजात चार पोरं बघत होती. इथं गाव बघून राह्यलं."

शरद गावच्या पाटलांकडं, काकासाहेबांकडं वळला. "पाटील, तुमच्यावर कसला आळ नाही. जरा ही अंगठी धरता?"

काकासाहेबांनी हसत दोरा धरला. अंगठी जवळपास स्थिर राहिली. लोकांनी माना डोलावल्या.

"आता हात बिलकुल हलवू नका. फक्त ती गोल फिरतेय असं मनात आणा आणि तिच्याकडं बघत राहा."

अंगठी हळूहळू फिरू लागली. पाटील घाबरले. "अरे, म्या हलवून न्हाई राह्यलो!"

"तुम्हाला कळत नाही, पण हलवताय तुम्हीच. मनात जे येतं ते बोटांत उतरतं. फिरू नये, फिरू नये, असं घोकणाऱ्याच्या मनातही फिरणंच असतं."

त्यानं पाटलांच्या डोळ्यांवर उपरणं बांधलं. अंगठी दिसेनाशी होताच फेरे मोडले, ती नुसती लोंबकळू लागली. मग त्यानं गोजरबाईलाही तसंच बसवलं. अंगठी फिरलीच नाही.

"डोळे झाकल्यावर पाप दिसेनासं झालं का?" शरदनं विचारलं.

भुजंगला घाम फुटला, हात कापू लागले.

"बघा, कसा कापून राह्यला! ठोका त्याला!" कुणीतरी ओरडलं. काठ्या उगारल्या गेल्या.

शरद मधे उभा राहिला. खरं तर सगळ्यांत आधी त्यालाच हात उगारावासा वाटला होता. "हात कापतो म्हणून मारायचं, तर मघाशी या बाईला पापी ठरवलंत तेही बराबरच म्हणावं लागेल. त्यानं काय काय केलं, ते चावडीवर विचारा."

"तूच शिकवलंस मला," भुजंग पुटपुटला.

"हो. तू माझा दोस्त होतास म्हणून."

कचरू बहिणीपाशी आला. "चल बाई, घरी चल."

गोजरबाईनं डोळ्यांवरचं उपरणं काढलं. "अंगठीला डोळे न्हाईत, दादा. तुला होते. पोरीपाशी मला तू बघितल्तं." ती उठली आणि शेजारच्या चतुराबाईचा हात धरून तिच्या घराकडं चालू लागली. कचरू तिथंच उभा राहिला.

वाचकहो, भुजंगानं अंगठीत मंत्र घातला नव्हता. भेदरलेल्या बाईपुढं त्यानं गाव बसवलं, बाकीचं काम भीतीनं केलं. घाबरलेला हात कापतो. निर्दोष माणसाचाही कापतो, आणि निर्ढावलेल्याचा कापत नाही. तेव्हा कुणी अंगठी फिरवून तुमच्या माणसाचं पाप सांगू लागला, तर आधी अंगठी धरणाऱ्याचे डोळे बांधून बघा. आणि त्याहीआधी, त्या माणसाला आपण इतकी वर्षं जवळून पाहत आलोय, हे आठवा.