स्वच्छ बेडकी

निसर्गाचं खरं रूप टिपायचं असेल, तर माणसाने आधी निसर्गापुढे नतमस्तक व्हायला हवं. हे थोर सत्य मला सकाळी साडेसात वाजता आमच्या घरामागच्या तळ्याच्या काठी पोटावर पालथा पडलेला असताना उमगलं. कोपरं चिखलात रुतली होती, नाकापासून वीतभरावर पाणी होतं, आणि छातीखाली काहीतरी हलत होतं. त्याची चौकशी न करणंच मी पसंत केलं होतं. अशा उदात्त क्षणी मागून एका बाईंचा आवाज आला.

"आजोबा, पडलात का?"

"नाही हो. फोटो काढतोय."

"कुणाचा?"

"बेडकीचा."

बाई खाली वाकल्या. मग फार हळुवार आवाजात म्हणाल्या, "घरी कुणी आहे का तुमच्या?"

घरी ताई होती, आणि हे सगळं तिच्यामुळेच चाललं होतं.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, म्हणजे चौऱ्याहत्तरची. शाळेत जीवशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर वर्ग उरला नाही, म्हणून मला शिकवू लागली. तिचे यजमान गेले, माझी बायको गेली, तेव्हापासून तिच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं राहतो. मला ती अजून 'छोट्या' म्हणते. एकोणसत्तराव्या वर्षी भर औषधांच्या दुकानात कुणी 'छोट्या' अशी हाक मारली, की माणसाचा अहंकार आपोआप नियंत्रणात राहतो.

माझं कपडे ड्रायक्लीन करायचं दुकान होतं. चाळीस वर्षं मी लोकांचे डाग काढले. चहाचा डाग कसा काढायचा, शाईचा कसा, गंजाचा कसा, हे मला झोपेतून उठवून विचारावं. डाग कुठून आला हे मात्र गिऱ्हाइकाला कधी विचारायचं नाही, हा धंद्याचा पहिला नियम. दुसरा नियम असा की, गिऱ्हाइकाने एक डाग दाखवला तरी आपण सगळे काढायचे.

ताईची फुप्फुसं झिजली होती. पलंगाशेजारी प्राणवायूचं यंत्र दिवसभर घुरघुरायचं आणि त्याची नळी होती सात मीटर. म्हणजे ताईचं जग सात मीटरचं. खिडकी त्यात बसत होती, तळं नव्हतं. तीस वर्षं ती रोज सकाळी तळ्यावर जायची, पाण्यातल्या बारीकसारीक जिवांशी बोलून यायची. आता खिडकीतून नुसती बघायची. एवढ्या लांबून तिला काही दिसत नव्हतं, पण कधी काय दिसायला हवं हे पाठ होतं.

मग एक दिवस कोपऱ्यावरच्या खांबावर कागद चिकटला. 'सदर खड्डा' बुजवून वाहनं उभी करायला जागा करण्यात येणार होती. हरकत असल्यास एकवीस दिवसांत पुराव्यासह कळवावी. मी तो मजकूर ताईला वाचून दाखवला.

"खड्डा?" ताई म्हणाली. "खड्डा म्हणाले?"

"सदर खड्डा."

"छोट्या, त्या पाण्यात एक बेडकी आहे. अंगठ्याच्या नखाएवढी. ती जिथे असते ते पाणी बुजवता येत नाही, तसा नियमच आहे. तिचा फोटो हवा." मग श्वास घेत घेत तिने मला त्या बेडकीबद्दल तासभर शिकवलं. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत मान डोलावली. शाळेतही मी अशीच मान डोलवायचो आणि नापास व्हायचो. माझं सगळं लक्ष होतं तिच्या मुलीने मागे ठेवलेल्या कॅमेऱ्याकडे. त्याला बटणं किती आहेत हे मी मनात मोजत होतो. बावीस होती.

तासाच्या शेवटी ती म्हणाली, "सगळं विसरलास तरी चालेल. पाठ नीट आली पाहिजे. सगळं तिच्या पाठीवर आहे."

तेवढं मात्र मी लक्षात ठेवलं.

पहिल्या आठवड्यात मी माझ्या गुडघ्याचे चौदा, आकाशाचे नऊ आणि बोटाचे असंख्य फोटो काढले. दुसऱ्या आठवड्यात पाण्यावर तुरुतुरु धावणारे किडे, एक शंखवाली गोगलगाय आणि शेपटी गळायच्या बेतात असलेली बेडकाची पिल्लं मिळाली. सगळी धुक्यात हरवल्यासारखी. इतक्या जवळून फोटो काढताना फोकसची जाडी कागदाएवढीच असते. बेडकीच्या डोळ्यावर नेम धरावा, तर पाठ पुसट होते. पाठीवर धरावा, तर तेवढ्यात बेडकी दुसऱ्या गावी गेलेली असते. आपला श्वाससुद्धा कॅमेरा हलवतो. तेव्हा मी श्वास रोखून धरायला शिकलो. घरी ताई श्वास मिळावा म्हणून धडपडत होती आणि इकडे मी मिळालेला रोखून बसलो होतो. देवाच्या दुकानात वाटप कधी नीट होत नाही.

रोज संध्याकाळी लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवायचा आणि बोलणी खायची.

"हे काय?"

"गोगलगाय."

"मला वाटलं बटाटा. आणि हे पाणी एवढं निळं कशाने?"

"मी केलं. इथे एक दांडा आहे, तो उजवीकडे सरकवला की—"

"डावीकडे सरकव. खोकल्याच्या औषधासारखं दिसतंय." मग भिंग लावून ती स्क्रीनवर वाकली. "आणि हे पांढरे ठिपके तुझ्या फ्लॅशचे. ओल्या अंगावर चमक येते. ते घालवता येतात बघ. शोध कुठेतरी."

मी शोधलं. कोपऱ्यात मलमपट्टीचं चित्र असलेलं एक बटण होतं. ते दाबायचं, ठिपक्यावर टेकवायचं, की शेजारची कातडी सरकून ठिपका झाकून टाकते. मी गोगलगायीवरचा एक ठिपका काढला. मग दुसरा. चाळीस वर्षं मी वाफेत हात भाजून, रसायनांच्या वासाने डोकं दुखवून जे केलं, ते इथे एका बोटाने होत होतं. माझे डोळे भरून आले. ताईला वाटलं, मला निसर्गाचं काही वाटलं.

अठराव्या दिवशी ती बेडकी मिळाली. म्हणजे त्या बाईंनी माझ्या घरच्यांची चौकशी केली, त्याच सकाळी. बाई गेल्या, मी श्वास धरला, आणि एका कुजक्या पानावर ती राखाडी, नखाएवढी, पाठ माझ्याकडे करून बसलेली दिसली. माझ्याकडे पाठ करून बसणाऱ्यांचा मला घरचा सराव आहे. मी सहा फोटो काढले. पाच वाया गेले. एक आला. डोकं, पाय, पाठ, सगळं लख्ख.

धावत घरी आलो, तर दारात रुग्णवाहिका. ताईचे ओठ निळे पडले होते. शेजारच्या काकूंनी फोन केला होता. तोंडावर मुखवटा चढवलेल्या ताईला मी ओरडून सांगितलं, "मिळाली! पाठीसकट मिळाली!" तिने माझा हात दाबला आणि मुखवट्याच्या आतून काहीतरी म्हणाली. 'दे' एवढंच कळलं.

मुदतीला तीन दिवस उरले होते आणि ताई इस्पितळात होती. तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी तिला भेटून आल्यावर मी एकटाच फोटो साफ करायला बसलो. बायकोचं असंच झालं होतं. गेली तेव्हाही मुखवटाच होता. अशा वेळी माणसाला आपलं येणारं काम करत बसावंसं वाटतं. आधी कडा कापल्या. उजेड वाढवला. फ्लॅशचे पांढरे ठिपके काढले. मग मोठं करून पाहिलं, तर पाठीवर अजून काही होतं. फिकट पिवळे ठिपके. पिवळा डाग म्हणजे जुना डाग. गिऱ्हाईक तो दाखवत नाही, आपण बघून घ्यायचा असतो. नऊ होते. डोक्यामागचे दोन जवळजवळ असल्याने त्रास झाला, पण मी हार मानली नाही. पाठ महत्त्वाची असं ताईने बजावलं होतं, म्हणून सर्वांत जास्त मेहनत मी पाठीवरच घेतली.

शेवटी बेडकी अशी झाली, की लग्नाला न्यावी.

तोच फोटो जतन केला. जुना त्याच्याखाली कायमचा गेला. कॅमेऱ्यातलं कार्ड तर मी आधीच पुसून ठेवलं होतं, उद्या आणखी काढता यावेत म्हणून. काढलेला डाग जपून ठेवायची पद्धत आमच्या धंद्यात नाही. दुसऱ्या दिवशी अर्जासोबत फोटो कचेरीत दिला. खिडकीतला कारकून बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. "काका, काय फोटो आहे!" तो म्हणाला. मी म्हणालो, "पाठ बघा." तो म्हणाला, "आरशासारखी आहे."

ताई आठ दिवसांनी घरी आली. यंत्राचा आकडा एकाने वाढला होता आणि ताई अर्धी झाली होती. त्याच आठवड्यात उत्तर आलं. ते तिनेच भिंग लावून, मोठ्याने वाचलं.

"तज्ज्ञांकडून तपासणी केली असता, छायाचित्रातील बेडूक सर्वत्र आढळणाऱ्या साध्या जातीचा असल्याचे दिसून येते. सबब हरकत फेटाळण्यात येत आहे." खाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, छायाचित्र उत्तम.

"साधी?" ताई म्हणाली. "साधी कशी असेल? आण बघू फोटो."

मी लॅपटॉप मांडीवर ठेवला. ती वाकली. भिंग डोक्यापासून शेपटीच्या जागेपर्यंत सावकाश फिरलं, परत वर आलं, पुन्हा खाली गेलं.

"एकही ठिपका नाही," ती म्हणाली. "त्या जातीला पाठीवर पिवळे ठिपके असतात छोट्या. सांगितलं होतं ना तुला. ठिपके नसले की साधी. साध्या पैशाला पासरी."

मी तोंड उघडलं.

"म्हणजे तीस वर्षं मी चुकीचं बघत होते," ताई म्हणाली. "पोरांना शिकवलं, तेही चुकीचं. डोळेच तसे, काय करणार." आणि तिने लॅपटॉप मिटला.

मी तोंड मिटलं.

गप्प बसायला हिंमत लागत नाही. बसायला खुर्ची असली की पुरे. दुसऱ्या दिवशी मी तळ्यावर गेलो, तर तिथे पंप लागला होता. जाड नळीतून पाणी गटारात चाललं होतं, मधोमध चिखल उघडा पडला होता. मी पंपाच्या माणसाला म्हटलं, अर्धा तास थांबवता का, बेडकी शोधायचीय. तो म्हणाला, "मिळाली तर न्या घरी, आमची ना नाही." मी गुडघाभर चिखलात दोन तास फिरलो. बेडकी मिळाली नाही. सर्दी मिळाली.

ताईने खिडकीकडे बघणं सोडलं. पलंग उलटा करून घेतला; म्हणाली, उजेड डोळ्यांवर येतो. पाखरू दिसलं तरी नाव सांगेना. मी मुद्दाम एकदा चिमणीला बुलबुल म्हणालो. जन्मात पहिल्यांदा तिने माझी चूक सुधारली नाही. "असेल," म्हणाली. तेव्हा मला खरी भीती वाटली.

पत्र आल्यापासून अकराव्या दिवशी मातीचे ट्रक आले. पहिल्या ट्रकने ओझं ओतलं, तेव्हा खिडकीची काच हादरली. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिच्या उशाशी जाऊन उभा राहिलो. भाषण तयार होतं. त्यात क्षमा होती, आमची आई होती, दुकान होतं आणि शेवटी मी घर सोडून जातो असंही होतं. कुठे जाणार, ते मात्र ठरलं नव्हतं.

"ताई, ठिपके होते," मी म्हणालो. "मी काढले. मला डाग वाटले."

बाकीचं भाषण आठवेना. दुसरा ट्रक रिकामा झाला. यंत्र घुरघुरत राहिलं. मला वाटलं, ऐकलंच नाही हिने. मग ती भिंतीकडे बघतच म्हणाली,

"किती होते?"

"नऊ."

"डोक्यामागचे दोन?"

"जवळजवळ. अगदी चिकटून. त्यांनी फार त्रास दिला."

ती इकडे वळायला लागली. नळी अडकली, ती मी सोडवली. बऱ्याच वेळाने वळून झालं. डोळे कोरडे होते. माझ्याकडे तिने असं पाहिलं, की आता वर्गाबाहेर उभं राहावं लागणार याची मला खात्री पटली.

"म्हणजे माझं बरोबर होतं," ताई म्हणाली.

"हो."

"शंभर टक्के."

"हो ताई."

तिसरा ट्रक मागे मागे येत असल्याची शिट्टी वाजू लागली. ताईने ती संपेपर्यंत ऐकली. मी मान खाली घालून उभा होतो. काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं, उलट बोलायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही, असं मनाशी ठरवत होतो. तिने श्वास गोळा केला.

"उभा काय राहिलास?" ती म्हणाली. "डावा मोजा वर ओढ. केव्हाचा घसरलाय."