गलबत छापची शेवटची बाटली

मनमोहनने बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि एक डोळा मिटून पाहिलं. शनिवारी संध्याकाळी अर्धी बिअर पिऊन झाल्यावर, उरलेली जिथवर होती तिथे त्याने बाटलीला काळा दोरा बांधला होता. बूच घट्ट बसवून, ओल्या फडक्यात गुंडाळून बाटली मोरीत ठेवली होती. आज रविवारी दुपारी बिअर दोऱ्याच्या चांगली दोन बोटं खाली होती.

"पाणी मुरतंय," तो पुटपुटला.

हे वाक्य बारा महिने त्याच्या तोंडात असे. दूधवाला, ट्रामचा कंडक्टर, कचेरीतला साहेब, कुणावर म्हणून त्याचा विश्वास नव्हता. गिरगावातल्या परमिटच्या दुकानात शेठने 'गलबत छाप कंपनीने बंद केली' असं सांगितलं, तेव्हाही तो काउंटरमागच्या फळ्या निरखत उभा राहिला. बड्या गिऱ्हाइकांसाठी दडवली असणार, दुसरं काय! शेठने बिचाऱ्याने आत नेऊन रिकामी खोकी दाखवली, तरी याचं समाधान झालं नाही. दुसऱ्या बिअर मिळत होत्या. पण त्याला गलबतचा तो भाजक्या धान्याचा वास हवा होता. त्या वासापायी त्याने दारूबंदीत डॉक्टरचा दाखला मिळवला होता आणि प्रकृतीसाठी दारू लागणारा इसम म्हणून सरकारदरबारी नाव लावून घेतलं होतं. आता कपाटात कुलपाआड एकच भरलेली बाटली उरली होती.

आणि घरात चोर होता.

चोर कोण, हे त्याने केव्हाच ठरवून टाकलं होतं. सुमतीचा धाकटा भाऊ कमलाकांत संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आला, त्यात त्याची नोकरी गेली, आणि तेव्हापासून तो यांच्याकडेच होता. सदा तोंडात लवंग. घोषणा देऊन घसा बसतो म्हणे! वास लपवायला लवंगेइतकं सोयीचं काय असतं, हे मनमोहनला कुणी सांगायला नको होतं.

त्याने खाटेखालची कमलाकांतची ट्रंक ओढली आणि दाराशी नेऊन ठेवली. आवाज ऐकून सुमती स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"हे काय?"

"सभेहून आला की त्याला सांग, दुसरीकडे सोय बघ म्हणावं."

"पण झालं काय?"

त्याने बाटली तिच्यासमोर धरली. "परमिट माझ्या एकट्याच्या नावावर आहे. आधीच पोलिसांचा त्याच्यावर डोळा. तोंडाला वास मारताना सापडला, तर त्याच्याबरोबर मीही आत."

"कमू सुपारीसुद्धा खात नाही हो."

"चोर काय कपाळावर लिहून हिंडतो?"

सुमतीने ट्रंकेकडे पाहिलं. गावाकडे आता कुणी उरलं नव्हतं. इथून निघाला तर कमू समितीच्या कचेरीतल्या बाकावर निजणार, हे तिला ठाऊक होतं. तिने ओले हात पदराला पुसले, कोरडे झाले तरी पुसत राहिली.

"मी घेते," ती म्हणाली.

"तू?"

"रविवारी सांदणं वाफवते ना, त्या पिठाला. दारूबंदी आल्यापासून पीठ फुगवायला माडी कुठे मिळते? बिअर घातली की पीठ आंबतं."

मनमोहनने पुढे धरलेली बाटली खाली घेतली. कुंपणच शेत खात होतं, पण निदान त्याच्या पोटासाठी. सांदणं दर रविवारी व्हायची खरी. चपटी व्हायची, पण व्हायची.

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही दिली असती?"

त्याने दोऱ्याची बाटली बाजूला ठेवली, कपाट उघडून शेवटची काढली आणि झाकण उडवलं. आज गलबतला निरोपच द्यायचा तर ताज्या बिअरने द्यावा. पिठाला अजून थोडी लागेल म्हणत सुमतीने वाटी पुढे केली. तिच्यात थोडीशी ओतून तो खुर्चीत बसला. पण संशय सुखाने बसू देईना. पिठाला म्हणते, तर घालते तरी का बघावं, म्हणून तो अनवाणी पायांनी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला.

सुमती पाठमोरी उभी होती. तिने वाटी पिठाच्या पातेल्यावर नेली, क्षणभर तिथेच धरली आणि परत आणली. आधी तिने वास घेतला. मग एक घोट घेऊन तोंडात धरला, आणि तिचे डोळे मिटले. गिळायचं ती लांबवत होती. वाटी रिकामी झाल्यावर तिने पदराच्या टोकाने डोळे टिपले.

मनमोहन तसाच मागे आला. आधी त्याला राग आला, मग लाज वाटली. ही बिअर गेल्याचं दुःख जगात आपल्या एकट्यालाच आहे, असं तो महिनाभर धरून चालला होता. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, आणि तिला काय आवडतं हे त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याने वाकून दाराशी ठेवलेली ट्रंक उचलली आणि पुन्हा खाटेखाली सरकवली. मग तो खुर्चीत येऊन बसला.

"अगं," त्याने हाक मारली, "एवढ्याशाने पीठ काय फुगणार? आणखी घेऊन जा."

सुमती बाहेर आली. तिने आधी खाटेखाली पाहिलं, मग त्याच्याकडे. हातात वाटी नव्हती, काचेचा पेला होता. मनमोहनने बाटली उचलली.

"थांबा, तिरपा धरते," ती हळूच म्हणाली, "नाहीतर नुसता फेस होतो."