पुठ्ठ्याचे घर

"अजून एक दिवा बसव गा," नानाजी फोरमन म्हणाला, तेव्हा देवाजीने तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात सरकवली आणि टेबलाकडे पाहिले.

टेबलावर खडूने पत्र्याचे माप आखले होते. त्यावर पुठ्ठ्याचे तुकडे मांडलेले. गोल ते दिवे, चौकोनी ते मीटर, चिंचोक्याएवढी ती बटणे. नागपूरच्या सदर भागातल्या मागच्या गल्लीतल्या या कारखान्यात जिनिंगवाल्यांसाठी आणि तेलगिरण्यांसाठी विजेची पॅनेले बनत. कोणत्या पॅनेलवर काय कुठे बसायचे, हे देवाजी ठरवी. तुकडे सरकवून सरकवून जुळले की मगच पत्र्याला भोक पाडायचे, कारण पाडलेले भोक बुजत नाही.

"पत्रा वाढवून द्या मंग," देवाजी म्हणाला.

"पत्रा उलटा कमी करायचा आहे. मालकानं सांगितलं."

"पत्रा कमी अन् दिवे जास्त! उद्या तुमी म्हणसान, हत्ती पिपात बसव."

"तू बसवशीन, म्हणून तं म्हणून राहिलो!"

आणि देवाजी बसवी. त्याची रीत ठरलेली होती. दिवे वरच्या काठाला, लांबून दिसले पाहिजेत. बटणे खालच्या काठाला, हात तिथे पोचतो. मोठे खटके डाव्या-उजव्या कडेला. काठ एकदा धरले की त्यांना हलवायचे नाही. पत्रा आखडला तर जे मधे आहे त्याने अंग चोरायचे. मधल्याला उरेल ते, हा देवाजीचा कायदा.

या कायद्याने त्याने काय काय केले म्हणून सांगावे! एकदा उमरेडच्या एस्टीत पाय ठेवायला जागा नव्हती. कंडक्टरने देवाजीला हात जोडले. देवाजीने म्हाताऱ्या खिडकीशी नेल्या, टोपल्या टपावर चढवल्या, पोटवाले सगळे एका बाजूला न बसवता एकाआड एक असे गुंफले, की सारी गाडी बसून एक बाक रिकामा उरला आणि मागच्या गाडीची माणसे उतरून या गाडीत आली. इतवारीतल्या एका भांडेवाल्याची पातेली त्याने पातेल्यांत अशी रचून दिली, की दुकान निम्मे झाले आणि शेजारी त्याला रिकाम्या जागेचे भाडे विचारू लागला. कोणाला हे खोटे वाटले तर त्याने तिथल्या हमालांना विचारावे. ते याहून वाढवून सांगतील.

फक्त एका ठिकाणी देवाजीची कला चालत नसे, आणि ते म्हणजे त्याचे घर.

इतवारीच्या मागच्या अंगाला ते दीड खोलीचे घर होते. दारासमोरच्या भिंतीला आई बायजाबाईची बाज, कारण गल्लीतून कोण गेले आणि काय नेसून गेले, हे तिला पडल्या पडल्या कळायला हवे. डाव्या भिंतीला धाकट्या भावाचे, चंपतचे, सागवानी कपाट, त्याच्या बायकोने, प्रेमलतेने, माहेरहून आणलेले. एवढ्या मोठ्या कपाटात घरच मावले असते, पण त्याला किल्ली होती. उजव्या अंगाला खिडकी, आणि तिच्याखाली ज्वारीची कोठी नि लोखंडी पेटी. अर्ध्या खोलीत चूल आणि मोरी. म्हणजे चारी काठ धरलेले. देवाजी आणि त्याची बायको मनकर्णा मधे. सगळ्यांची अंथरुणे पडली की त्यांची, सगळ्यांची ताटे उठली की त्यांची. वेगळे निघायचे नाव काढले तर बायजाबाई अन्न सोडी, आणि ती नुसती धमकी नसे.

अशा घरात शिलाई मशीन आली.

मनकर्णेची थोरली बहीण भिवापूरला शिवणकाम करायची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा तिने आपली पायमशीन, शेजारी कात्री बांधून, मनकर्णेकडे पाठवून दिली. ती आली मिरचीच्या पोत्यांवर बसून. पुढे कित्येक दिवस तिचे चाक फिरवले की अर्धी गल्ली शिंकायची, आणि समोरच्या घरातला अंथरुणाला खिळलेला म्हातारा एका शिंकेसरशी उठून चालू लागला असेही सांगतात. घरात जागा नव्हती, म्हणून मशीन दाराबाहेरच्या ओट्यावर बारदानाखाली बसून राहिली. मग बहिणीचा निरोप आला. सोमवारी तिची सून नागपूरला येणार होती. जागा झाली असेल तर मशीन मनकर्णेची, नाहीतर सून ती परत घेऊन जाईल.

मनकर्णा नवऱ्याला ताट वाढताना म्हणाली, "मी कधी काई मागतलं नाही जी. एवढी एक जागा काढा. खिडकीपाशी. उजेडाची."

"काढतो ना."

"खरंच काढान?"

"अवं, लोकाईच्या मिला बसवून राहिलो मी. तुही एक मशीन नाही बसवनार?"

दुसऱ्या दिवसापासून देवाजी दुपारच्या सुट्टीत घराचे तुकडे कापू लागला. हाताला एक बोट असे माप धरले. डबा बाजूला राहिला.

"हे कोन्या मिलचं पॅनेल गा?" नानाजीने विचारले.

"माह्या घरचं."

"अन् हा लंबा खटका?"

"मायची बाज."

"हा?"

"चंपतचं कपाट. त्याले हात नाही लावायचा. शॉक मारते."

नानाजी हसून हसून वाकला. पण शनिवारी जुळणी झाली, तेव्हा त्यानेही मान डोलावली. कोठी पेटीवर चढली होती. बाज वीतभर दाराकडे आली होती. कपाट जागच्या जागी काटकोनात वळले होते. आणि खिडकीखाली मशीन अशी बसली होती, की मधे नखही शिरणार नाही. "मालकाले दाखव हे," नानाजी म्हणाला. "पगार वाढवन."

रविवारी सकाळी घर हलले. बायजाबाईने आधी बाजेवरून उठायलाच नकार दिला. "माह्या बाजेले हात लावला तं मी बापाच्या घरी चालली." बाप जाऊन तिचे केस पिकले होते, पण धमकी जुनी असली तरी चांगली होती. शेवटी तिला बाजेसकट उचलून सरकवले. चंपत कपाटाला मिठी मारून चालत होता. "दादा, घासू नोको गा! पॉलिश निंगन!" गल्लीतली माणसे दारात जमली. पुठ्ठ्यावर होते तसेच सारे एकेक करून बसत गेले, आणि शेवटी मशीन खिडकीखाली खणकन टेकली. खिडकीतला उजेड नेमका तिच्या सुईवर पडला.

"वा रे माहा लेक!" बायजाबाईसुद्धा म्हणाली.

मनकर्णेने पदराने हात पुसले, शेजारून मागून आणलेले स्टूल घेतले आणि ती पुढे झाली. स्टूल मशीन आणि कपाट यांच्यामधे शिरेना. तिने ते तिरपे करून पाहिले. मग बाजेच्या बाजूने घालून पाहिले.

प्रेमलतेने पदर तोंडाला लावला. "आत्याबाई, जाऊबाई बसतीन कुठं? मशीनच्या आत?"

दारातली माणसे हसली. बायजाबाई हसली. देवाजीही अर्धा हसला, आणि मग त्याचे तोंड तसेच राहिले.

पॅनेलसमोर माणूस उभा राहतो तो बाहेर. पत्र्यावर त्याचा तुकडा नसतो. आयुष्यभर देवाजीने बटणे नि दिवे बसवले होते, ते दाबणाऱ्या हाताला कधी जागा मोजली नव्हती. घरही त्याने तसेच समोरून पाहिले होते.

मनकर्णा त्याच्याकडे आली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त वाईट.

"माहा तुकडा कोनता जी?"

देवाजीने खिशातून सगळे पुठ्ठे काढले. बाज होती, कपाट होते, कोठी, पेटी, मोरीसुद्धा होती. त्याने ते परत परत तळहातावर उलटून पाहिले, जणू एखादा दुसऱ्याला चिकटला असेल.

"राहून गेला," तो म्हणाला.

"आतापावतर कापलाच नसन."

देवाजीने चंपतला हाक मारली आणि दोघांनी मशीन ओट्यावर काढली, मोकळ्यात, जिथे ना कपाट होते ना बाज. स्टूल लावले. खडू घेतला.

"बस. शिवून राहिली, असं समज."

मनकर्णा बसली. पाय पायडलवर, हात कापड नसलेल्या सुईखाली. देवाजी खडू घेऊन वाकला आणि थांबला. तिची दोन्ही कोपरे बरगड्यांत रुतलेली होती. गुडघे एकमेकांना चिकटलेले. खांदे आत.

"हात सैल सोड वं."

"सैलच आहेत जी."

"पसर जरा. इथं कोन आहे तुह्या बाजूले?"

तिने डावीकडे पाहिले. उजवीकडे पाहिले. ओटा रिकामा होता, पलीकडे गल्ली. आणि दोन्हीकडे पाहून झाल्यावर तिने पदर आवळून कोपरे आणखी जवळ घेतली.

देवाजीने रेघ ओढली. ती उठली तेव्हा खाली एवढेसे रिंगण उरले, फार तर जेवायचा एक पाट मावेल असे. त्या मापाला तो बधला नाही. त्याने पुठ्ठा घेतला आणि मनाने तुकडा कापला, मोठा, दोन्ही बाजूंनी हात मोकळे टाकता येतील असा. ओट्यावरच सगळी जुळणी पुन्हा मांडली. तुकडा बसला, पण बाज पार दाराच्या तोंडाशी गेली आणि कपाट भिंत सोडून बाहेर आले.

"म्हणजे माही बाज रस्त्यावर," बायजाबाई आतून म्हणाली.

"कपाट नाही हालनार, दादा. आताच सांगून ठेवतो."

"हालन," देवाजी म्हणाला. घरात हा शब्द त्याने पहिल्यांदाच उच्चारला असावा, कारण चंपत त्याच्याकडे बघतच राहिला. "आज हालन."

बायजाबाई बाजेवर उठून बसली. "बरं. मी आजपासून जेवत नाही."

प्रेमलता हसायची थांबली. दारातली माणसे एकेक करून पांगू लागली.

मनकर्णा खाली बसली. मशीनला बांधलेली कात्री तिने सोडवली, जुळणीतून आपला तुकडा उचलला आणि क्षणभर हातात धरून पाहिला. मग डाव्या अंगाने एक पट्टी कापली. उजव्या अंगाने एक. खडूचे रिंगण समोरच होते, तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही, तरी तुकडा नेमका तेवढाच उरला.

पुठ्ठ्याची बाज होती तिथे गेली, पुठ्ठ्याचे कपाट भिंतीला टेकले, आणि तो तुकडा तिने मधे ठेवला.

"आता मावते," ती म्हणाली, आणि पुठ्ठ्याची कातरणे पदरात गोळा करायला लागली.