चौथा पट्टा

शिंचू शहरातल्या आमच्या कंपनीत नद्यांच्या पुराचे नकाशे तयार होतात. वादळ समुद्रावर असतानाच कुठल्या गावात किती पाणी चढेल हे सांगायचं, असं काम. एका नकाशाला सहा तास लागत. म्हणून यंदा क्लाउडमध्ये एक वेगवान फाइल सिस्टिम उभी करायची ठरली. शेकडो संगणक एकाच वेळी तिच्यातून वाचतील, तिच्यात लिहितील, आणि नकाशा पाऊण तासात हाती येईल. नेटवर्कच्या जोडणीचा आराखडा यू-चिनकडे होता. तिचं हे पहिलंच मोठं काम. उभारणी शुक्रवारी होती आणि बुधवारी दुपारी ती आराखडा तपासून घ्यायला माझ्याकडे आली.

आराखडा चांगला होता. फाइल सिस्टिमला स्वतंत्र कप्पा दिला होता, पुढे ती वाढली तर लागतील म्हणून नेटवर्कमधले पत्तेही सढळ हातानं राखले होते. हे फार गरजेचं, कारण ती एकदा उभी राहिली की तिचे पत्ते बदलता येत नाहीत. सगळी माहिती बाहेर काढून, मोडून पुन्हा बांधावी लागते.

आठवा पट्टा का घेतलास, असं मी विचारलं. नदी खात्याच्या नेटवर्कशी जोडलेले असल्यानं आम्हाला पत्त्यांचे नऊच पट्टे मिळाले होते. कुठला पट्टा कुणाकडे याच्या नोंदवहीत त्यातले दोन रिकामे दिसत होते, चौथा आणि आठवा.

"आठ शुभ असतो, सर," यू-चिन म्हणाली. "इतकी वर्षं तो कुणी घेतला नाही, हेच नवल."

नवल मलाही वाटलं. गाडीच्या नंबरात आठ यावा म्हणून लोक महिनाभर थांबतात, आणि इथे तो असाच पडून? मी तिला ताइनान शाखेला फोन लावायला सांगितलं. तिथले संगणक जुन-हाव सांभाळतो.

"दादा, तुमच्याकडे कुठला पट्टा आहे?"

"आठवा. दुसरा कुठला असणार?"

"नोंदवहीत नाही तो."

"विचारून घेतला असता, तर दिला असतात का?"

फोन ठेवल्यावर मी तिला कागदावर दोन गल्ल्या काढून दाखवल्या, दोन्हींत घरांचे नंबर तेच. पोस्टमननं पत्र कुठे टाकायचं? मी उत्तर सांगण्याआधीच तिचा चेहरा उतरला. ताइनानहून कुणी नकाशा मागितला असता, तर ती मागणी त्यांच्याच इमारतीत फिरत राहिली असती. आणि पुराचं पाणी चढतं ते ताइनानकडच्याच गावांत. जुन-हावला जागा सोडायला लावावी, तर दोनशे यंत्रांचे पत्ते बदलायचे. वादळं काही तोवर थांबणार नव्हती.

राहिला चौथा. चार हा आमच्याकडे मृत्यूचा आकडा, दोन्ही शब्दांचा उच्चार जवळजवळ सारखाच. मालक वेंग साहेबांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यानंतर लगेच पाचवा येतो.

तुम्हीच सांगा त्यांना, असं ती म्हणाली. आराखडा तुझा आहे, मी नुसता शेजारी बसेन, म्हटलं.

साहेबांसमोर तिनं आधी आपली चूक सांगितली. नोंदवहीवर विसंबले, ताइनानला विचारलं नाही. मग आकडा सांगितला. साहेब चहा ओतता ओतता थांबले.

"नंबरात चार आला म्हणून मी तीन सिमकार्डं परत केलीत. ठाऊक आहे ना?"

"हो, साहेब."

"आणि तू पुराच्या कामाला चार लावतेस."

"आठ लावला तर ताइनानला नकाशा उघडणार नाही," ती हळू पण नीट म्हणाली. "तिथल्या गावांना कळेल तेव्हा पाणी दारात असेल."

हा आकडा गावातल्या कुणाला दिसणार का, असं त्यांनी विचारलं. नाही, तो फक्त यंत्रांना दिसतो, ती म्हणाली. त्यांनी चहा संपवला आणि सही केली. मात्र शुक्रवार रद्द केला. पंचांगात सोमवार चांगला निघाला.

सोमवारी साडेदहाला फाइल सिस्टिम उभी राहिली. पहिला नकाशा बेचाळीस मिनिटांत झाला. यू-चिननं ताइनानला फोन लावला आणि उघडून बघायला सांगितलं. पट्टा कुठला, हेही तिनं जुन-हावला सांगितलं. मग कळफलकाची टकटक ऐकू आली.

"उघडला," तो म्हणाला. "नदी दिसतेय. खालची गावंसुद्धा."