गुलाबात उतरलेली मिरची

मी अख्ख्या पुण्यातला सगळ्यात जुना सौंदर्यतज्ज्ञ बोलतोय. कित्येक गाल उजळले मी, कित्येक डोक्यांवर रान उगवलं. बरं, खरं सांगतो. गाल उजळले ते लेप लावल्यावर तोंड धुवावं लागतं म्हणून, आणि केस ज्यांना यायचे होते त्यांनाच आले. मी एक लोखंडी खलबत्ता आहे. रंगानं काळा, बुडाला थोडा वाकडा. माझ्या स्वतःच्या अंगावरचा गंज मला आजवर घालवता आलेला नाही.

जन्म हडपसरच्या एका भट्टीतला. तिथं पंपाचे भाग ओतत होते, लोखंड थोडं उरलं, त्याचा मी झालो. मला हातगाडीवर विकायला ठेवलं होतं, तेव्हा कमरजहांनं मला उचलून नखानं वाजवून पाहिलं.

"हा घेऊ," ती नवऱ्याला म्हणाली.

"जड आहे," मकसूदभाई म्हणाले.

"उचलायचा मला आहे."

संपला विषय. त्याला सव्वीस वर्षं झाली. येरवड्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर, पुढे अरुंद गॅलरी, आणि ओट्याच्या कोपऱ्यात मी. सव्वीस वर्षं ज्याच्या पोटात रोज दणके बसतात, त्याला थकवा म्हणजे काय ते विचारा. तुम्ही ऑफिसातून आलात की पाय वर घेता. मला पायच नाहीत.

शिक्षण म्हणाल तर अर्धवट. त्यांची मुलगी आयेशा लहानपणी ओट्याखाली पाट टाकून मोठमोठ्यानं पाठ करायची. आम्ल, अल्क, द्रावण, सगळं माझ्याही कानावर पडलं. दहावीनंतर तिला खोलीत टेबल मिळालं आणि माझी शाळा सुटली. अर्धवट शिकलेले जरा जास्तच बोलतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आपल्या घरात बघा, एखादा सापडेल.

कमरजहांचं केसांचं तेल आमच्या गल्लीत प्रसिद्ध. माका, जास्वंद, भिजवलेली मेथी माझ्यात कुटायची आणि लगदा खोबरेल तेलात मंद आचेवर कढवायचा. तेल झालं की नाही हे ती घड्याळावर ठरवत नसे. कापसाची वात तेलात बुडवून पेटवायची. तडतडली तर पाण्याचा अंश आहे, अजून कढव. गुपचूप जळली तर उतरव. गिऱ्हाइकं मात्र एकेक नग. एकीला आठ दिवसांत कमरेपर्यंत केस हवेत. दुसरी तेल नेते, लावत नाही, आणि गुण आला नाही म्हणून भांडायला येते.

तेल तपासायचं कुणाच्या डोक्यावर? मकसूदभाईंच्या. त्यांच्या डोक्यावर एकूण नऊ केस, मी मोजलेत. घड्याळं दुरुस्त करणारा शांत माणूस. बायको डोक्यावर तेल ओतायची आणि ते डोळ्याला भिंग लावून काट्यात काटा अडकवत बसायचे.

मग आयेशा बी. फार्म. झाली आणि घरात शास्त्र आलं. मूठभर, चिमूटभर ही मापं गेली. वजनाचा असा काटा आला की माशी बसली तरी आकडा हलतो. तिच्या वहीत प्रत्येक जिन्नस शंभरातला किती, ते लिहिलेलं. हातात रबरी मोजे, केसांवर टोपी. मिक्सरचं एक भांडं तिनं वेगळं काढलं, त्याला लाल चिकटपट्टी लावली आणि घरात जाहीर केलं, "याला स्वयंपाकाचा हात लागला तर बघा."

मी सौंदर्यखात्यातून निवृत्त झालो. माझ्याकडे राहिला लसूण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. खरं सांगतो, बरं वाटलं. पण अपमानही वाटला. निवृत्त माणसाला दोन्ही वाटतं.

या वर्षी आयेशाला हडपसरच्या एका कंपनीचं पत्र आलं. प्रयोगशाळेत नोकरी, पुढल्या महिन्याच्या एक तारखेपासून. तिला मात्र स्वतःचा माल करायचा होता. बापलेकीत करार झाला. कर्वेनगरच्या एका सोसायटीत प्रदर्शन होतं, तिथं तिनं स्टॉल लावायचा. लोकांनी माल उचलला तर कंपनीला नकार, वर्षभर स्वतःचं काम. नाही उचलला तर मुकाट्यानं हडपसरची बस.

स्टॉलसाठी गुलाबाचा लेप ठरला. मसूर, संत्र्याची साल आणि सुकवलेल्या गुलाबपाकळ्या यांची पूड, कोकमतेल आणि बदामतेलात कालवलेली. "पाण्याचा थेंब नाही, म्हणून टिकेल," असं तिनं आईला तीनदा समजावलं. साठ डब्या. लेबलं छापून तयार. आणि आदल्या दिवशी सकाळी संत्र्याची साल दळताना मिक्सरनं धूर काढला आणि जीव सोडला.

"अम्मी, आता?"

"आता काय? हा आहे ना," म्हणत कमरजहांनं मला पुढे ओढलं.

"साफ आहे ना पण?"

"साफ म्हणजे? आरसा आहे आरसा!"

आता माझं साफ करणं कसं, ते ऐका. लोखंडाला पाणी लावलं की गंज चढतो. म्हणून ही बाई मला कधी घासत नाही. तेलाचं फडकं आतून फिरवते, की झालं. सव्वीस वर्षांची रीत. आदल्याच संध्याकाळी माझ्यात मिरचीचा ठेचा झाला होता. फडकं फिरलं, मी चकाकलो. मिरची तेलाला धरून माझ्या बारीक छिद्रांत बसून राहिली.

मला कळलं होतं. आणि लपवत कशाला, मला हसू आलं. दोन वर्षं कोपऱ्यात बसवलंत ना, म्हटलं होऊ दे गंमत.

दुपारभर कमरजहां कुटत होती. तिच्या हातांना मिरची आता ओळखही देत नाही. आयेशाच्या हातात रबरी मोजे. संध्याकाळी डब्या भरून झाल्या आणि तिनं बापाला बोलावलं. आता डोक्याऐवजी गाल.

मकसूदभाईंनी बोटभर लेप लावला. क्षणभर काही नाही. मग त्यांचा उजवा डोळा बारीक झाला.

"कसं वाटतंय, अब्बा?"

तिनं ज्या तोंडानं विचारलं ते मी पाहिलं. महिन्याभरात पहिल्यांदा हसत होती पोरगी. मकसूदभाईंनीही पाहिलं.

"छान," ते म्हणाले. "गार वाटतंय."

मग ते मोरीत गेले, नळ मोठा सोडला, तोंड धुतलं. बाहेर आले. पुन्हा गेले. पुन्हा आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा माझं हसू ओसरायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी आयेशानं मलाही कर्वेनगरला नेलं. शोभेला! स्टॉलच्या मधोमध मला मांडलं, गळ्यात झेंडूची माळ. लोक माझ्याबरोबर फोटो काढत होते. ज्याला कुटायचं म्हटलं की यांचे खांदे दुखतात, त्याच्याबरोबर फोटो. तासाभरात सात डब्या गेल्या.

मग उल्काताई आल्या. बँकेतून निवृत्त, सोसायटीच्या चेअरमन. चष्मा नाकाच्या टोकावर.

"काय आहे हे?"

"काकू, गुलाबाचा लेप. पूर्णपणे नैसर्गिक."

"नैसर्गिक तर विंचूही असतो," असं म्हणत त्यांनी नमुन्याच्या डबीतला बोटभर लेप गालाला लावला आणि तिथंच उभ्या राहिल्या. घेतल्यावर लगेच निघून जाणारी ही पिढी नव्हे. दोन मिनिटं झाली. गाल टोमॅटो.

"अगं मुली, हे चेहऱ्याला लावायचं का भाकरीला?"

आयेशानं मोजा काढला, बोट डबीत बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं. झेंडूच्या माळेत मला तोंड लपवता येईना.

ती गप्प बसू शकली असती. ही डबी खराब निघाली म्हणून दुसरी पुढे करू शकली असती. पलीकडे तंबोला चालू होता. आकडे पुकारणाऱ्या गृहस्थांच्या हातून तिनं माइक घेतला.

"नमस्कार. मी तीन नंबरच्या स्टॉलवरची आयेशा. माझ्याकडून गुलाबाचा लेप घेतला असेल तर कृपा करून लावू नका. त्यात तिखट उतरलंय. चूक माझी आहे. डब्या परत आणा."

हॉल असा शांत झाला की एका बाईंना फुल हाउस लागलं होतं, त्याही ओरडायच्या विसरल्या. सहा डब्या परत आल्या. सातवी घेऊन एक बाई घरी गेल्या होत्या. लिफ्ट बंद. आयेशा चार जिने चढून गेली आणि डबी घेऊन खाली आली, धापा टाकत म्हणाली, "आरशासमोर बसल्या होत्या. झाकण उघडलेलं होतं."

उल्काताई गालाला दही लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, "पुढल्या वेळी जरूर ये. आधी स्वतःच्या तोंडाला लाव, मग ये." पुण्यात याला कौतुक म्हणतात.

घरी आल्यावर आरडाओरडा झाला असता तर मला सोसलं असतं. झालं नाही.

"मी पुसला होता गं," कमरजहां म्हणाली. "तेलाच्या फडक्यानं. नेहमीसारखा."

"तिखट तेलातच उतरतं, अम्मी. मला माहीत होतं, तरी मी विचारलं नाही की कशानं पुसला." मग ती बापाकडे वळली. "अब्बा, तुम्हाला काहीच झोंबलं नाही?"

मकसूदभाईंनी भिंग डोळ्याला लावलं. हातात घड्याळ नव्हतं. "झोंबलं," ते म्हणाले. "पण तू किती दिवसांनी हसत होतीस."

साठच्या साठ डब्या तिनं एका पिशवीत भरल्या आणि गाठ मारली.

आता मी गॅलरीत असतो. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून मला दाराला लावलंय. पावसाची झड येते, गंज वाढतो, तेलाचं फडकं येत नाही. माझी तक्रार नाही. इतक्या वर्षांनी कुणी कुटत नाही, पण झोपही लागत नाही. वाचकहो, तुम्हीही घरी काहीबाही कालवत असाल. जरूर कालवा. पण लावणाऱ्याला झोंबतंय का विचारलंत, तर त्याला खरं बोलायची सवयही लावून ठेवा. मला बोलता येत नव्हतं. ज्यांना येत होतं, ते गोड बोलले. आणि मी हसलो, ते मला अजून लागतं.

काल संध्याकाळी मकसूदभाई माझ्याशेजारी स्टुलावर बसले होते. आयेशा फोन घेऊन आली. कंपनीला कालच होकार कळवायचा होता.

"नको कळवू," ते म्हणाले. "नकार दे. वर्ष घे, बेटा. तुझ्या हातात गुण आहे. चालेल तुझं काम."

आयेशा दारात उभी राहिली. फोन तसाच हातात.

"अब्बा, हे तुम्हाला खरंच वाटतंय, की मी रडू नये म्हणून म्हणताय?"