आत आल्याची नोंद

पोलिसांच्या यादीत माझ्या आईचं नावच नव्हतं. बासष्ट सालच्या नोव्हेंबरात एका सकाळी ते आसामातल्या आमच्या माकुमच्या घरी आले, तेव्हा यादीत दोघंच होतो. एक माझे बाबा, लिओंग सुई काम, लाकूडगिरणीतले सुतार. दुसरी मी, वय चौदा. चीनशी लढाई सुरू होती आणि आम्ही चिनी. बाबांचा जन्म माकुमचा, चीनचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं. आई शिवसागरकडची आसामी, नाव रूपोही.

फौजदार बाबांच्या ओळखीचा होता. तो आईला म्हणाला, "वहिनी, तुम्ही राहा इथेच. दोन-चार दिवसांत येतील ही दोघं."

आईने चुलीवरचा भात उतरवला, दाराला कडी घातली आणि आमच्याआधी ट्रकमध्ये जाऊन बसली. त्याने तिला खूप समजावलं. ती हलेना, तेव्हा त्याने नाद सोडला.

आगगाडीने सात दिवसांनी आम्हाला राजस्थानातल्या छावणीत आणून टाकलं. फाटकावर नुसती डोकी मोजली, त्यामुळे आई आत आली. अडलं ते शिध्याच्या वेळी. आमच्या बराकीला तांदूळ, डाळ, तेल मिळायचं ते वहीतल्या नावांवर. आम्ही तिघं आणि शिधा दोघांचा.

आई कचेरीत गेली. कारकुनाने वही चाळली आणि या नावाचं कुणी इथे राहत नाही, असं सांगितलं.

"अहो, मी समोर उभी आहे ना तुमच्या?"

"समोर उभं राहून काय होतंय, बाई? वहीत कुठे आहात?"

मग बाबांनी अर्ज करायला सुरुवात केली. बराकीतल्या एका मास्तरांकडून इंग्रजीत लिहून घ्यायचे. पहिल्या चार अर्जांना उत्तरच आलं नाही. पाचव्याला आलं: अर्जात संबंधित व्यक्तीचा छावणी-क्रमांक नमूद केलेला नाही, सबब विचार करता येत नाही. क्रमांक मिळावा म्हणूनच तर अर्ज होता. बाबांनी तो कागद चुरगाळला, परत सरळ केला आणि सहावा अर्ज लिहायला बसले.

उन्हाळ्यात पत्रे तापायचे, भातात वाळू यायची. एकदा बाबा तिच्यावरच उखडले. "तुला यायला सांगितलं होतं कुणी? घरी असतीस तर बाहेरून खटपट तरी केली असतीस." आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. माझ्या ताटात मात्र स्वतःचा अर्धा भात वाढत राहिली.

दुसऱ्या वर्षी सुटकेची यादी लागली. तीत बाबांचं आणि माझं नाव होतं. आईचं काय, असं बाबांनी विचारलं. उत्तर मिळालं, की बाहेर सोडायचं तर आत आल्याची नोंद हवी. मग मीही जात नाही, असं बाबा म्हणाले. कारकुनाने शांतपणे सांगितलं, की नाव खोडलं तर पुढची यादी कधी लागेल ते त्यालाही ठाऊक नाही, आणि मुलीचंही नाव बाबांबरोबरच जाईल.

आईने बाबांना बाजूला केलं आणि टेबलाशी गेली.

"लिहा. मी चिनी."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्ही आसामी आहात. मला माहीत आहे."

"दीड वर्ष मी तेच सांगतेय. काय झालं त्याने? चिनी लिहा."

त्याने लिहिलं. तिला क्रमांक मिळाला आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिघांचा शिधा आला. पण आता ती नव्याने नोंदलेली परकी बाई होती. तिची चौकशी आसामातून होऊन यायला हवी होती. बाबांनी जायचं नाकारून पाहिलं. तिने त्यांची पेटी स्वतः उचलून फाटकाशी नेऊन ठेवली आणि म्हणाली, "पोरीला घेऊन जा. माझं डोकं फिरवू नका."

माकुमला आलो तर घर लिलावात गेलेलं. नव्या मालकाने आम्हाला पायरीही चढू दिली नाही. बाबांनी गिरणीमागे एक खोली भाड्याने घेतली.

आईची चौकशी अकरा महिने चालली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक कागद होता: चिनी नागरिक, दरमहा पोलीस ठाण्यात हजेरी. बाबांना आणि मला ती सुटल्यापासूनच होती; आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आम्ही तिघं ठाण्यात जायचो. शिवसागरहून मामा तिचे जन्माचे दाखले घेऊन आला. साहेबांनी ते वाचले, बरोबर आहेत म्हणाले आणि परत दिले. छावणीच्या वहीत चिनी आहे, त्याला आम्ही काय करणार?

एकाहत्तर साली बाबांची आणि माझी हजेरी बंद झाली. आईची चालूच राहिली, आणखी चार वर्षं. का, ते ठाण्यात कुणालाच सांगता आलं नाही. नवीन आलेले शिपाई तिला चिनीत नमस्कार कसा म्हणतात ते विचारायचे. ती आसामीत सांगायची, की तिला येत नाही. त्यांना वाटायचं, लपवतेय.